ड्यूक ऑफ वेलिंग्टनचीं चरित्रें : मराठी दप्तराच्या दृष्टीनें परीक्षण

आर्थर वेलस्ली, पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन, हें नांव मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस नवीन नाहीं. शके १७२५ मध्यें, म्हणजे इ. स. १८०३ त, अहमदनगर, आसई, अडगांव व गाविलगड ह्या चार ठिकाणीं ज्यानें शिंदे व नागपूरकर भोसले ह्यांच्या फौजांचा मोड केला आणि त्याच सालच्या डिसेंबरांत देवगांव व सुर्जी-अंजनगांव येथील दोन तह ठरविले, तोच हा सेनापति. पुढें वॉटर्लूच्या लढाईनें त्याची कीर्ति सर्व युरोपांत पसरली व इ. स. १८२८ त तो इंग्लंडचा मुख्य प्रधान झाला. त्याचीं इंग्रजींत जितकीं चरित्रें झालीं आहेत, तितकीं फार थोड्या सेनापतींचीं झालीं असतील. त्या सर्वांचा परामर्श घेण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. ह्या चरित्रांच्या मुळाशीं जी एक ठराविक मांडणी आहे ती कितपत टिकते, ज्या छापील कागदांवर ती उभी आहे ते कोणीं, केव्हां व कोणत्या रीतीनें छापले, आणि आपल्या इकडील कागद त्यांशीं जुळवून पाहणें अवश्य कां आहे, एवढाच विचार येथें कर्तव्य आहे.

(१)

ती मांडणी अशी : वेलिंग्टन हा पूर्ववयांत निव्वळ शिपाई होता, रणांगणावर त्यानें मानमरातब मिळविले, आणि लढाया संपल्यावर, पन्नाशीच्या सुमारास, तो राजकारणांत पडला. लेडी एलिझाबेथ लाँगफर्ड ह्यांच्या सुप्रसिद्ध द्विखंडात्मक चरित्रांत ही विभागणी ग्रंथाच्या नांवांतच आलेली आहे. इ. स. १९६९ त निघालेल्या पहिल्या खंडाच्या नांवांत तलवारीच्या वर्षांचा निर्देश आहे, आणि १९७२ च्या दुसऱ्या खंडाच्या नांवांत राज्याच्या आधारस्तंभाचा. ग्रंथ परिश्रमपूर्वक लिहिलेला व वाचनीय आहे, ह्यांत शंका नाहीं. परंतु एकदां ही विभागणी मान्य केली म्हणजे तिच्या पाठोपाठ दोन अनुमानें आपोआप चालत येतात, आणि तीं दोन्ही आम्हांस सदोष वाटतात.

पहिलें अनुमान असें कीं, मुख्य प्रधान या नात्यानें वेलिंग्टनच्या हातून ज्या चुका झाल्या, त्या शिपायाच्या चुका होत. हुकूम देण्याची संवय लागलेल्या पुरुषास सभेंत लोकांचें मन वळवितां आलें नाहीं, इतकेंच त्यांचें कारण. दुसरें अनुमान आमच्या दृष्टीनें अधिक घातक आहे. वेलिंग्टनचीं हिंदुस्थानांतील वर्षें तलवारीच्या खात्यांत जमा झालीं म्हणजे १८०० ते १८०४ ह्या काळांतील दक्षिणेचें राजकारण लढायांच्या वर्णनाखालीं झांकून जातें. मग पेशवे, पटवर्धन, गोखले, शिंद्यांचे व भोसल्यांचे वकील हीं माणसें न राहतां आसईच्या मैदानाकडे जाणाऱ्या वाटेवरील नुसते टप्पे होऊन बसतात.

(२)

प्रथम तारखा पाहूं. चरित्रनायकाचा जन्म इ. स. १७६९ तला. मार्च १७८७ त त्यास पलटणींत एन्साइनची जागा मिळाली. थोड्याच दिवसांत तो डब्लिन येथें आयर्लंडच्या लॉर्ड लेफ्टनंटच्या तैनातींत दाखल झाला, आणि १७९० त ट्रिम गांवातर्फे आयरिश पार्लमेंटचा सभासद झाला. त्यानें पहिली खरी लढाई पाहिली ती १७९४ च्या सप्टेंबरांत, फ्लँडर्सच्या मोहिमेंत, बॉक्स्टेल येथें. म्हणजे तोफेचा आवाज रणांत ऐकण्यापूर्वीं चार वर्षें हा गृहस्थ कायदे करणाऱ्या सभेंत बसलेला होता. त्याच्या लष्करी बढत्याही त्या काळच्या रीतीप्रमाणें पैसा व वशिला ह्यांच्या जोरावर झालेल्या होत्या. तेहतिसाव्या पायदळ पलटणीचें लेफ्टनंट कर्नलपद त्यास १७९३ त वयाच्या चोविसाव्या वर्षीं मिळालें, तें वडील बंधु रिचर्ड ह्यानें पुरविलेल्या द्रव्यानें.

हिंदुस्थानांतून परत गेल्यावरचा क्रमही असाच आहे. १८०५ त तो विलायतेस परतला. १८०६ त राय गांवातर्फे ब्रिटिश पार्लमेंटांत निवडून आला. १८०७ त आयर्लंडचा मुख्य सचिव झाला. त्याच वर्षीं कोपनहेगनच्या स्वारीवर तो गेला तेव्हां, आणि पुढील वर्षीं पोर्तुगालांत व्हिमेरोची लढाई त्यानें जिंकली तेव्हांही, तें सचिवपद त्याच्याकडेच होतें. १८१४ त पॅरिस येथें वकील, १८१५ च्या आरंभीं व्हिएन्नाच्या परिषदेंत इंग्लंडचा प्रतिनिधि, आणि त्याच वर्षीं ता. १८ जून रोजीं वॉटर्लूस सेनापति, असा हा क्रम आहे. १८१८ च्या अखेरीस तो तोफखान्याच्या अधिकारासह मंत्रिमंडळांत शिरला, १८२७ त सरसेनापति झाला आणि १८२८ च्या जानेवारींत मुख्य प्रधान. पुढें १८४२ पासून मरेपर्यंत, म्हणजे १८५२ पर्यंत, सरसेनापतिपद पुनः त्याच्याकडे होतें. ह्या यादींत शिपाईगिरी कोठें संपली व मुत्सद्देगिरी कोठें सुरू झाली, हें दाखविणारी रेघ ओढावयास जागा सांपडत नाहीं. दोन्ही धागे आरंभापासून अखेरपर्यंत एकांत एक गुंफलेले आहेत.

(३)

आतां महाराष्ट्रांतील वर्षांकडे वळूं. १७९७ च्या फेब्रुवारींत वेलस्ली आपल्या पलटणीसह कलकत्त्यास उतरला. दुसऱ्याच वर्षीं वडील बंधु गव्हर्नर जनरल होऊन आला. १७९९ च्या मे महिन्यांत श्रीरंगपट्टण पडल्यावर तेथील अंमल आर्थरकडे आला, आणि तेव्हांपासून मराठी राज्याची दक्षिण सरहद्द त्याच्या देखरेखीखालीं आली. १८०० त धोंडजी वाघाचा पाठलाग करण्यासाठीं इंग्रजी फौज मराठी मुलखांत शिरली, तीही पुणें दरबाराची संमति घेऊन. ह्या मोहिमेंत पटवर्धन व गोखले ह्यांचीं पथकें होतीं. धोंडोपंत गोखले ह्यांस धोंडजीनें त्या वर्षीं जूनअखेर गांठून ठार केलें. धोंडजी स्वतः ता. १० सप्टेंबर १८०० रोजीं कोणागल येथें पडला. धोंडोपंतांचे पुतणे बापू गोखले ह्यांनीं ह्या वेळीं व १८०३ तही इंग्रजांबरोबर काम केलें, आणि तेच बापू फेब्रुवारी १८१८ त आष्टीच्या लढाईंत इंग्रजांशीं लढतां लढतां कामास आले. इंग्रजी चरित्रांत ह्या मोहिमेचें वर्णन घोडदौडीची एक कथा म्हणून येतें. वास्तविक ती वेलस्लीची दक्षिणी सरदारांशीं पहिली ओळख होती. कोण कोणाशीं फटकून आहे, पेशव्यांचा हुकूम कोणाच्या दारापर्यंत चालतो, कोणाची नेमणूक तुंबली आहे, हें त्यानें त्या सहा महिन्यांत समजून घेतलें.

ह्या माहितीचा उपयोग त्यानें कसा केला, हें १८०१ त त्यानें लिहिलेल्या मराठी मुलखांतील लढाईविषयींच्या टिपणावरून दिसतें. मराठ्यांशीं प्रसंग पडला तर तो पावसाळ्यांत करावा. नद्या भरलेल्या असतां मराठी घोडदळाची हालचाल थांबते, व इंग्रजांनीं नावांची तरतूद आधीं केलेली असली म्हणजे त्यांस उतार मिळतो, असा त्या टिपणाचा आशय आहे. १८०३ ची लढाई ऑगस्टांत सुरू झाली, ह्यांत योगायोगाचा भाग फार थोडा होता.

वसईचा तह ता. ३१ डिसेंबर १८०२ चा. त्यानंतर मार्च १८०३ त वेलस्ली हरिहराहून निघाला व ता. २० एप्रिल रोजीं पुण्यास पोंचला, ता. १३ मे रोजीं बाजीराव पुनः गादीवर बसला. वाटेंत कोठेंही अडथळा झाला नाहीं, ह्याचें श्रेय चरित्रकार शिस्त व रसदेचा बंदोबस्त ह्यांस देतात. तें खरें आहे, पण पुरतें नाहीं. पटवर्धनादि सरदारांचा मुलूख मोकळा मिळाला नसता तर बैलांचे तांडे कितीही उत्तम असून उपयोग नव्हता. तो मुलूख मोकळा मिळाला तो १८०० च्या ओळखीमुळें. ह्याच पुण्याच्या कूचासंबंधीं, अमृतरावांनीं शहर जाळण्याचा बेत केला होता व वेलस्लीच्या अखेरच्या दौडीनें तो फसला, अशी हकीकत प्रत्येक चरित्रांत आढळते. ती इंग्रजी खलित्यांत आलेल्या बातमीवर उभी आहे, आणि ती बातमी पुढें न्यावयास ज्या पक्षास सोयीची होती त्याच पक्षाच्या कागदांतून आपणांस मिळते. त्याच अमृतरावांशीं पुढें थोड्याच महिन्यांनीं वेलस्लीनें सालीना सात लक्षांच्या नेमणुकीचा करार केला, हें ती हकीकत सांगतांना सहसा आठवत नाहीं.

ता. २६ जून १८०३ च्या हुकुमानें गव्हर्नर जनरलनें दक्षिणेंतील मुलकी व लष्करी असा दुहेरी अखत्यार भावास दिला. लढाई व तह दोन्ही एका हातीं आलीं. ह्या दुहेरीपणाची कसोटी अडगांवच्या प्रसंगीं लागते. नोव्हेंबरांत शिंद्यांच्या वकिलानें लढाई तहकूब करण्याची याचना केली व ता. २३ रोजीं तहकुबी ठरली. शिंद्यांच्या फौजेनें एलिचपुराच्या पूर्वेस वीस कोसांवर जाऊन राहावें, अशी अट होती. भोसल्यांचा त्यांत समावेश नव्हता. ता. २९ रोजीं अडगांवास भोसल्यांची फौज उभी होती व शिंद्यांचे स्वार तिच्यासह होते. वकिलांनीं हल्ला करूं नये म्हणून विनविलें. वेलस्लीनें उत्तर दिलें कीं, भोसल्यांशीं तहकुबी नाहीं आणि शिंद्यांनीं अट पाळलेली नाहीं. हल्ला झाला व मराठी फौज मोडली. कायद्याच्या अक्षरानें हें उत्तर बिनतोड आहे. पण लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, अट कोणत्या शब्दांत समजावली गेली व वकिलानें ती कोणत्या शब्दांत आपल्या धन्यास कळविली, हा ह्या प्रकरणांतील सर्व वादाचा गाभा आहे, आणि छापील चरित्रांत तो केवळ वेलस्लीच्या पत्रांवरून मिटविलेला आहे. येथें शिपायानें मुत्सद्द्याच्या हातचें हत्यार चालविलें, कीं मुत्सद्द्यानें शिपायाच्या हातचें, असा प्रश्न करणेंच व्यर्थ होय.

न्यायाच्या दृष्टीनें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सुर्जी-अंजनगांवच्या तहाचा अर्थ लावितांना ग्वाल्हेरचा किल्ला कोणाकडे राहावा, ह्याविषयीं १८०४ त दोघां भावांत मतभेद झाला. किल्ला शिंद्यांकडून घ्यावा असें गव्हर्नर जनरलचें मत होतें. तहाच्या वेळीं शिंद्यांच्या वकिलांची जी समजूत करून दिली तिच्याशीं हें विसंगत आहे, आणि वचनाला जागल्याची अब्रू किल्ल्यापेक्षां मोलाची आहे, असें आर्थरनें माल्कमास स्पष्ट लिहिलें. त्या वेळीं त्याचें कांहीं चाललें नाहीं. तथापि १८०५ च्या नोव्हेंबरांतील तहानें ग्वाल्हेर शिंद्यांकडे परत गेली. पटवर्धनादि दक्षिणी जहागीरदारांचा व पेशव्यांचा वाद तोडण्यासाठींही त्यानें १८०४ त कांहीं तत्त्वें सुचविलीं होतीं. तींच पुढें १८१२ त एल्फिन्स्टननें पंढरपुरास केलेल्या ठरावास आधारभूत झालीं. ज्या पुरुषानें वयाच्या पस्तिशीपूर्वीं दोन राज्यांशीं तह केले, एका पेशव्यास गादीवर बसविलें व सरदारांचीं भांडणें तोडण्याचा जाबता तयार केला, तो मुत्सद्दी पुढें पन्नाशींत झाला असें म्हणणें म्हणजे महाराष्ट्रांतील सर्व व्यवहार हिशेबांतून वगळणें होय.

(४)

ही मांडणी इतकी रूढ कां झाली ? ह्याचें उत्तर साधनग्रंथांच्या छपाईंत आहे. वेलिंग्टनच्या खलित्यांचा पहिला मोठा संग्रह कर्नल जॉन गरवुड ह्यानें १८३४ पासून पुढील चारपांच वर्षांत बारा खंडांत प्रसिद्ध केला. गरवुड हा वेलिंग्टनच्याच हाताखालचा शिपाई. १८१२ त स्यूदाद रोद्रिगोच्या तटावर पहिल्या तुकडीसह चढलेला. संपादकाची निष्ठा मोठी होती, पण संपादन स्वतंत्र नव्हतें. छापावयाचे कागद ड्यूकच्या नजरेखालून जात, आणि हयात माणसांस किंवा त्यांच्या घराण्यांस लागेल असा मजकूर व नांवें गाळून त्या जागीं नुसत्या रेघा ओढल्या जात. शिवाय हा काळही लक्षांत घेतला पाहिजे. १८३० च्या नोव्हेंबरांत, पार्लमेंटच्या घटनेंत सुधारणेची गरज नाहीं असें जाहीर केल्यानें वेलिंग्टनचें मंत्रिमंडळ पडलें होतें. १८३१ त लंडनच्या जमावानें त्याच्या वाड्याचीं तावदानें फोडलीं होतीं. आणि ज्या १८३४ त हा संग्रह निघूं लागला, त्याच वर्षाच्या अखेरीस तो कांहीं आठवडे एकटाच बहुतेक सर्व खात्यांचा कारभार पाहत होता. एका पक्षाचा पुढारी हयात व अधिकाराच्या जवळ असतांना, त्याच्या देखरेखीखालीं त्याचेच जुने खलिते छापले गेले. लोकांच्या मनांतून उतरलेला मुख्य प्रधान मागें सारून जिंकणारा सेनापति पुढें आणण्याचें काम ह्या खंडांनीं केलें. हेतु तसा होता असें आमचें म्हणणें नाहीं. परिणाम तसा झाला.

पुढें १८५८ पासून १८७२ पर्यंत ड्यूकच्या मुलानें पुरवणी खलित्यांचे पंधरा खंड काढले. त्यांतील पहिले चार खंड हिंदुस्थानविषयक आहेत. गरवुडनें सोडलेलीं पुष्कळ पत्रें त्यांत आलीं. परंतु तोंपर्यंत चरित्रांचा सांचा बनून गेला होता. पुरवणी ही पुरवणीच राहिली. मराठ्यांच्या इतिहासकारांनींही बहुधा गरवुडचा, किंवा १८८० त सिडनी ओवेननें काढलेल्या निवडक खंडाचा, आधार घेतला. पुरवणी खंड उघडून दोन्ही पाठ ताडून पाहण्याचे श्रम फार थोड्यांनीं केले. मूळ कागद १९८३ पासून साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संग्रहांत आहेत, आणि रेघांच्या जागीं काय होतें हें आतां पाहतां येतें. तेव्हां गरवुडचा छापील पाठ अखेरचा मानून त्यावर निकाल देण्यास आतां सबब उरलेली नाहीं.

ह्याच सदराखालीं उत्तरवयांतील संभाषणांचा विचार केला पाहिजे. आसईस केळणा नदीला उतार नाहीं असें वाटाड्ये सांगत असतां, दोन्ही कांठांवर समोरासमोर गांवें दिसल्यावरून तेथें उतार असलाच पाहिजे असें वेलस्लीनें ताडलें, ही गोष्ट सर्वांच्या तोंडीं आहे. ती त्यानें अनेक वर्षांनंतर जेवणाच्या मेजावर मित्रांस सांगितली व ऐकणारांनीं टिपून ठेवली. ती खोटी आहे असें म्हणण्यास कारण नाहीं. पण लढाईच्या दुसऱ्या दिवशीं लिहिलेला खलिता आणि वृद्धापकाळची आठवण ह्यांची किंमत एक नव्हे. बखर व समकालीन पत्र ह्यांत जो भेद आपण कटाक्षानें पाळतों, तोच इंग्रजी साधनांच्या बाबतींतही पाळला पाहिजे. विलायतेंत छापली म्हणून बखर पत्र होत नाहीं.

(५)

संग्राहकांच्या उपयोगी एक लहानसा मुद्दा मानचिन्हांचा. वेलिंग्टनला मिळालेल्या पदव्यांची व बिल्ल्यांची यादी फार लांब आहे. १८०४ चा बाथचा किताब महाराष्ट्रांतील लढायांबद्दलचा. द्वीपकल्पांतील लढायांबद्दलच्या सुवर्णक्रॉसावर नऊ पट्ट्या असून तितक्या दुसऱ्या कोणासही मिळाल्या नाहींत. १८१३ त गार्टर व फील्ड मार्शलपद, १८१४ त ड्यूकपद. आसईच्या लढाईबद्दल एकोणिसावें ड्रॅगून आणि चौऱ्याहत्तरावी व अठ्ठ्याहत्तरावी ह्या गोऱ्या पलटणींस निशाणावर हत्तीचें चिन्ह मिळालें. परंतु त्या लढाईंत इंग्रजांच्या बाजूनें लढणाऱ्यांत मोठा भाग मद्रासी शिपायांचा होता. त्या एका दिवशीं इंग्रजी फौजेंतील ४२८ ठार, १,१३८ जखमी व १८ बेपत्ता झाले, आणि त्यांत ह्या शिपायांचा वांटा मोठा होता. १८०३ पासूनच्या मोहिमांबद्दल सर्वसाधारण पदक मंजूर झालें तें १८५१ त, म्हणजे आसईनंतर अठ्ठेचाळीस वर्षांनीं, व तेंही हयात असून मागणी करणारास. हिंदी शिपायांपैकीं तें फार थोड्यांच्या हातीं पडलें. असें पदक एखाद्या संग्रहांत आलें तर त्याच्या कडेवरील नांव अवश्य टिपून ठेवावें. कित्येक शिपायांच्या बाबतींत एवढाच लेख मागें राहिलेला असेल.

(६)

अलीकडील ग्रंथांनीं ह्या क्षेत्रांत चांगली सुधारणा केली आहे, हें मान्य केलें पाहिजे. जॅक वेलर ह्याचा १९७२ चा ग्रंथ रणभूमि प्रत्यक्ष पाहून लिहिलेला आहे, म्हणून स्थळवर्णनास उपयुक्त. राजकारणाकडे त्याचें लक्ष बेताचें. अँथनी बेनेल ह्यानें १९९७ च्या ग्रंथांत वेलस्लीची घडण दक्षिणेच्या राजकारणांत कशी झाली हें दाखविलें, व १८०३ सालचे कागद १९९८ त स्वतंत्रपणें छापले. आमच्या मतें ह्या विषयावरील इंग्रजी कामांत हें सर्वांत भरीव होय. रँडॉल्फ कूपर ह्यानें २००३ त शिंद्यांच्या कवायती पायदळाची व तोफखान्याची योग्यता निःपक्षपातानें मांडून, त्या लढाईचा निकाल केवळ युरोपीय शिस्तीनें लागला हा जुना समज खोडून काढला. पैसा, पत व शिपायांचा बाजार ह्यांचा हिशेब त्यानें पुढें आणला. रॉरी म्यूर ह्याचे २०१३ व २०१५ चे दोन खंड सर्वांत विस्तृत असून त्यांत वेलिंग्टनचें राजकारण आरंभापासून मांडलेलें आहे. तथापि ह्या सर्वांत मराठी बाजू प्रायः इंग्रजी भाषांतरांतून किंवा इंग्रज रेसिडेंटांच्या तोंडून येते. दोष लेखकांच्या नियतीचा नाहीं. मोडी वाचणारा हात त्यांच्याजवळ नव्हता.

ह्या ग्रंथांच्या उजेडांत पहिल्या अनुमानाचाही निकाल लागतो. १८२८ त ओकॉनेल क्लेअरमधून निवडून आल्यावर, आयर्लंडांत यादवी होण्यापेक्षां कॅथलिकांस हक्क देणें बरें असें ठरवून वेलिंग्टननें १८२९ त तो कायदा स्वपक्षाचा रोष पत्करून संमत करविला. त्या प्रकरणीं एका सरदाराशीं पिस्तुलाचें द्वंद्व करण्यापर्यंत पाळी आली. १८४६ त धान्याच्या जकातीचा कायदा रद्द करण्याचें बिल, स्वतःचें मत प्रतिकूल असतां, त्यानें वरिष्ठ सभेंतून पार पाडलें. दोन्ही वेळीं त्यानें जागा सोडली ती मोजून, वेळ पाहून व व्यवस्थेनें. १८३० त मात्र तसें झालें नाहीं. ही चूक शिपायाच्या हट्टाची म्हणावी तर १८२९ तला शिपाई तोच होता. ग्वाल्हेरच्या किल्ल्याविषयीं लिहिणारा व कॅथलिकांचा कायदा संमत करविणारा पुरुष एकच आहे. त्याच्या १८३० च्या चुकीचें कारण त्याच्या शिपाईपणांत न शोधतां, लंडनच्या लोकमताची खबर त्यास पुण्याच्या दरबाराइतकी नव्हती, ह्यांत शोधणें आम्हांस अधिक सयुक्तिक दिसतें.

(७)

आतां आपल्या बाजूचें काम. मिरजेच्या पटवर्धनी दप्तरांतून वासुदेवशास्त्री खरे ह्यांनीं १८९७ पासून ऐतिहासिक लेखसंग्रहाचे जे खंड काढले, त्यांचे अखेरचे खंड नेमके ह्या काळाचे आहेत. पुणें रेसिडेंसीचा पत्रव्यवहार १९३६ पासून प्रसिद्ध होत गेला, त्यांतही इंग्रज वकिलांचीं मूळ पत्रें आहेत. ह्या दोहोंची वेलस्लीच्या पत्रांशीं तारीखवार जुळणी करणें हें पहिलें काम. त्यांत पहिली अडचण नांवांची येते. गोखल्यांचें ‘गोक्ला’, विठ्ठलपंतांचें ‘विट्टल पंट’, कोणागलचें ‘कोनाघल’ अशीं रूपें इंग्रजी खंडांत झालीं आहेत. दोन आप्पासाहेबांतून कोणता, दोन बापूंतून कोणता, हें मराठी कागद हातीं असल्याशिवाय ठरत नाहीं. शिंद्यांचे विठ्ठलपंत व भोसल्यांचे यशवंतराव रामचंद्र ह्यांनीं १८०३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरांत आपल्या धन्यांची बाजू कशी लढविली, हें इंग्रजी पानांच्या समासांतून काढून मुख्य मजकुरांत आणणें, ही ह्या जुळणीची खरी कसोटी होय.

दुसरें काम संग्राहकांचें आहे, आणि तें आम्ही नम्रतेनें पण स्पष्टपणें सांगतों. १८०० ते १८०४ ह्या काळांत ज्या घराण्यांनीं इंग्रजांस वाट दिली, रसद पुरविली, किंवा दोन्हीकडे पत्रें लिहिलीं, त्यांच्या वंशजांस ते कागद बाहेर काढण्याचा संकोच वाटतो. छापले तरी एखादें नांव गाळावें, एखादी ओळ सोडावी, अशी अट घातली जाते, आणि संपादकही भिडेस्तव ती मान्य करितो. गरवुडनें रेघा ओढल्या त्या ह्याच भिडेनें. त्यांचें फळ म्हणून एका पुरुषाचें आयुष्य दोन तुकड्यांत वांटलें गेलें आणि आपल्या सरदारांचीं व वकिलांचीं कृत्यें शंभर वर्षांहून अधिक काळ त्याच्या एकट्याच्या शब्दांत वाचावीं लागलीं. गोखल्यांच्या घराण्याचें उदाहरण पुढें आहेच : १८०३ चा कागद लपविला तर १८१८ च्या मरणाचा अर्थही लागत नाहीं.

म्हणून आमची विनंती एवढीच कीं, ह्या काळाचा जो कागद ज्याच्या रुमालांत असेल त्यानें तो समग्र, नांवांसह, तारखेसह व शिक्क्यासह प्रसिद्धीस द्यावा; मूळ देतां येत नसेल तर निदान जाणत्याकडून शुद्ध नक्कल करवून द्यावी. वेलिंग्टनच्या चरित्रांत आपल्या इतिहासाचीं चार वर्षें अडकलेलीं आहेत. तीं सोडवून घेण्यास लागणारे कागद लंडनइतकेच मिरज, सांगली, नागपूर, ग्वाल्हेर व पुणें येथेंही आहेत, आणि ते वाचण्याची विद्याही अद्याप आपल्याजवळ आहे.